डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान, म्हातारा कुत्रा आणि गाडीचा रॅम्प: कोणता घ्यावा, कोणता टाळावा

म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन डोंगरात जायचं ठरलं की लोक आधी तंबू बघतात, थंडीचं जाकीट बघतात, पंजांना घालायचे बूट बघतात. गाडीत चढण्याचा रॅम्प यादीत तळाला असतो. घेतलाच तर समोर दिसेल तो पहिला उचलला जातो. अशा प्रवासात सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू मात्र हीच, कारण राष्ट्रीय उद्यानात कुत्र्याच्या वाट्याला जंगल थोडं येतं आणि गाडीतून उतरणं-चढणं भरपूर येतं.

नियमच तसे असतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात कुत्र्याला रस्ता, पार्किंग आणि कॅम्पग्राउंड यांच्यापासून १०० फुटांच्या, म्हणजे साधारण ३० मीटरच्या आतच राहावं लागतं. पायवाटा आणि गरम पाण्याच्या झऱ्यांभोवतीच्या लाकडी वाटा त्याला बंद. अमेरिकेतलंच शेनान्डोआ उद्यान याला सुखद अपवाद आहे. तिथल्या पाचशेहून अधिक मैलांच्या पायवाटांपैकी वीसेक मैल सोडले तर कुत्र्याला सगळीकडे नेता येतं, पट्टा मात्र सहा फुटांहून लांब चालत नाही. पण पायवाट खुली असली तरी बारा-तेरा वर्षांचा, खुबे आखडलेला कुत्रा तिच्यावर चालणार किती? अर्धा तास, फार तर पाऊण तास. बाकी दिवस गाडी, थांबा, गाडी, थांबा.

एका दिवसाचा हिशोब मांडून बघा. सहा तासांचा घाटरस्ता, दर दीड-दोन तासांनी एक थांबा, वाटेत दरी बघायला दोनदा गाडी थांबणार, संध्याकाळी मुक्काम, रात्री एकदा लघवीला बाहेर. म्हणजे दिवसाला बारा ते चौदा वेळा तो रॅम्पवरून वर किंवा खाली जाणार. तीस किलोचा कुत्रा तितक्या वेळा उचलणं माणसाच्या कमरेला झेपत नाही. आणि ज्याचे खुबे दुखतात त्याला पोटाखाली हात घालून उचललेलं सोसतही नाही. उडी मारू दिली तर उतरताना सगळा भार पुढच्या दोन पायांवर आदळतो. चौथ्या दिवशी तो जागेवरून उठायला कुरकुरतो तेव्हा दोष थंडीवर जातो. बऱ्याचदा कारण आधीच्या तीन दिवसांतल्या उड्यांमध्ये असतं.

लांबी: इथे बहुतेक जण फसतात

बाजारात सर्वाधिक मिळणारा रॅम्प दोन घड्यांचा, प्लास्टिकचा, दीड मीटरच्या आसपास लांबीचा असतो. हलका असतो, डिकीत मावतो, खोक्यावर मोठा कुत्रा डौलात चालताना दाखवलेला असतो. उंच गाडीला तो लावला की चढ किती होतो ते कुणी सांगत नाही. म्हणून आधी मोजपट्टी घ्या. गाडीत प्रवासाचं सगळं सामान भरा, माणसं बसवा आणि मग जमिनीपासून डिकीच्या काठापर्यंतची उंची मोजा. भरलेली गाडी मागून तीन-चार सेंटिमीटर बसते, तेवढा फायदा हिशोबात धरायला हरकत नाही. साध्या हॅचबॅकची डिकी ६५ ते ७० सेंटिमीटरवर येते, एसयूव्हीची ७० ते ८०, उंच फोर-बाय-फोरची ८५ च्या पुढे.

आता नियम सोपा आहे. रॅम्पची लांबी त्या उंचीच्या निदान अडीचपट हवी, म्हणजे चढ २४ अंशांच्या खाली राहतो. सांधे आखडलेल्या कुत्र्यासाठी तिप्पट हवी, म्हणजे तो साडेएकोणीस अंशांवर येतो. ७५ सेंटिमीटर उंचीच्या डिकीला १५० सेंटिमीटरचा रॅम्प लावला तर चढ बरोबर ३० अंश. तरुण लॅब्राडोर तो पळत चढेल. म्हातारा कुत्रा मध्यावर थांबेल, मागचे पंजे घसरतील आणि पुन्हा तो रॅम्पजवळ यायला तयार होणार नाही. त्याच डिकीला १८० सेंटिमीटरचा रॅम्प लावला तर चढ २५ अंशांच्या जरासा आत येतो. कागदावर पाच अंशांचा फरक किरकोळ दिसतो, पण कुत्र्याच्या मागच्या पायांना तो फरक भिंत आणि टेकडी यांच्यातला वाटतो.

तिप्पट लांबीचा, म्हणजे सव्वादोन मीटरचा रॅम्प फारसा मिळत नाही आणि मिळाला तर गाडीत मावत नाही. यावर दोन उपाय आहेत, दोन्ही फुकट. पहिला, रॅम्पचं खालचं टोक उंचवट्यावर टेकवायचं. पार्किंगच्या कडेला पंधरा सेंटिमीटरचा दगडी काठ असेल तर गाडी मागे घेऊन रॅम्प त्या काठावर उतरवा. ७५ ची उंची ६० वर येते आणि १८० चा रॅम्प तिथेच तिप्पट होतो. दुसरा उपाय खास डोंगरातला. रस्ता उताराचा असेल तर गाडीचं तोंड उताराकडे ठेवा, डिकी चढाच्या बाजूला. शंभरात आठचा उतार म्हणजे साधारण साडेचार अंश. तोंड उताराकडे असताना तेवढे अंश रॅम्पच्या चढातून वजा होतात, तोंड चढाकडे असेल तर तेवढेच वाढतात. म्हणजे तोच रॅम्प, तीच गाडी, तीच जागा. फक्त गाडी फिरवून लावल्याने २९ अंशांचे २० होतात. असं उभं करताना हँडब्रेक पूर्ण ओढा, गिअरची गाडी असेल तर रिव्हर्समध्ये ठेवा आणि पुढच्या चाकाला दगड लावा. कुत्रा रॅम्पवर असताना गाडी एक इंच जरी हलली तरी त्या रॅम्पवरचा त्याचा विश्वास कायमचा संपतो.

घडीचा की सरकता

घडीच्या रॅम्पला मध्ये बिजागरी असते, सरकत्याचे भाग एकात एक आत जातात. पेटसेफ या कंपनीच्या हॅपी राइड मालिकेत दोन्ही प्रकार मिळतात, त्यामुळे तुलना सोपी होते. घडीचा उघडल्यावर सुमारे १५७ सेंटिमीटर आणि वजनाला साडेचार किलोच्या आसपास. सरकता पूर्ण ओढल्यावर सुमारे १८३ सेंटिमीटर, मिटल्यावर मीटरभर, वजन सहा किलोच्या आसपास. हॅचबॅकसाठी आणि पंधरा-वीस किलोपर्यंतच्या कुत्र्यासाठी घडीचा जेमतेम पुरतो. एसयूव्ही आणि त्याहून मोठा कुत्रा असेल तर घडीच्याचा विचारही करू नये, सरकताच घ्यावा. दीड किलो जास्त उचलावं लागतं, ते उचलावं.

वेष्टणावर लिहिलेल्या वजनक्षमतेने निर्णय घेऊ नका. तो आकडा रॅम्प किती वजनाला मोडत नाही हे सांगतो. कुत्र्याला मोडण्याशी देणंघेणं नसतं, रॅम्प लवतो किती हे त्याला पायाखाली लगेच कळतं. विकत घेण्याआधी रॅम्प खऱ्या उंचीवर लावून मधोमध कुत्र्याच्या वजनाइतका भार ठेवा, तांदळाची पोती किंवा पाण्याचे कॅन चालतील. दोन सेंटिमीटरहून जास्त खाली गेला तर तो घेऊ नका. प्लास्टिकच्या घडीच्या रॅम्पचा कमकुवत भाग बिजागरीच असतो आणि कुत्रा नेमका तिथेच थांबतो. पुढचे पंजे बिजागरीच्या पलीकडे टाकतो, फळी खाली दबते, बोटं फाकतात, धड मागे झुकतं, कान मागे जातात. ती दोन सेकंदं बारकाईने बघा. त्यानंतर तो एक तर मागे वळतो नाहीतर बाजूने उडी घेतो, आणि रॅम्पवरून बाजूला घेतलेली उडी डिकीतून सरळ घेतलेल्या उडीपेक्षा वाईट, कारण ती तिरकी पडते आणि गुडघा पिळवटतो.

सरकत्याचा दोष वेगळा आहे. जिथे एक भाग दुसऱ्यावर बसतो तिथे छोटी पायरी तयार होते. चढताना ती जाणवत नाही. उतरताना मागचा पाय ओढत टाकणाऱ्या कुत्र्याची नखं तिथे अडतात आणि खर्र असा आवाज येतो. तो आवाज आला की थांबा आणि मागच्या पंजांची मधली दोन नखं बघा. वरच्या बाजूने घासून सपाट झाली असतील तर हा कुत्रा पाऊल नीट उचलत नाही. कारण मणक्यातल्या नसांचं असू शकतं, तेव्हा प्रवासाआधी डॉक्टरांना दाखवायला हवं. पायरीवर उपाय सोपा आहे: पातळ रबरी पट्टी उतरत्या कडेवर दुहेरी चिकटपट्टीने लावा, म्हणजे पायरीचा ढाळ होतो. फक्त ती लावल्यावर रॅम्प पूर्ण आत सरकतो ना, हे आधी तपासा.

सरकत्याची दुसरी अडचण धूळ. डोंगरातल्या कच्च्या पार्किंगमध्ये दोन दिवस वापरला की खोबणीत बारीक वाळू बसते आणि तो अर्ध्यावर अडकतो. तिथे तेल घालणं ही हमखास होणारी चूक. तेलावर धूळ आणखी बसते आणि त्याचा खरबरीत लगदा होतो. कोरड्या ब्रशने खोबण झाडा, लागलाच तर कोरडा राहणारा सिलिकॉन स्प्रे वापरा. मिटताना बोटं कडेला ठेवा, दोन भागांच्या मध्ये नको. आणि ओढून झाल्यावर खिट्टी बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय कुत्र्याला बोलावू नका.

तीन-चार पायऱ्यांचा घडीचा जिनाही मिळतो. आठ-दहा किलोच्या कुत्र्यासाठी तो ठीक. मोठ्या आणि खुबे धरलेल्या कुत्र्यासाठी नाही, कारण प्रत्येक पायरीला मागचा पाय पूर्ण वाकवून उचलावा लागतो आणि त्याला नेमकं तेच जमत नसतं.

पृष्ठभाग आणि रुंदी

पृष्ठभाग चार प्रकारचे येतात. पॉलिशपेपरसारखा खरखरीत पृष्ठभाग ओला असतानाही पकड देतो, पण दिवसाला बारा-चौदा फेऱ्या आणि पाय ओढायची सवय, यात तिसऱ्या दिवशी पंजाच्या गाद्या सोलवटतात. गालिचासारखा पायाला मऊ लागतो, पण पाणी धरून ठेवतो; पहाटे शून्याच्या खाली गेलं की त्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. कृत्रिम गवताचा चांगला, पाणी निथळतं, पकड बरी असते, फक्त चीडच्या, म्हणजे पाइनच्या झाडाची सुईपानं आणि काटेरी बिया त्यात रुततात, त्या रोज वेचाव्या लागतात. रबराचा सगळ्यात विश्वासाचा, दोष एकच: उन्हात तापतो. डोंगरात हवा गार असली तरी उंचीवरचं ऊन कडक असतं. रॅम्प उन्हात पडला असेल तर आधी तळहाताची उलटी बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्यालाही नको.

पसंती रबराला. रॅम्प दुसऱ्या पृष्ठभागाचा असेल तर योगा मॅट कापून त्यावर लावा: रुंदीला रॅम्पपेक्षा दोन सेंटिमीटर कमी, दोन्ही टोकांना आणि मध्ये दर ४० सेंटिमीटरवर वेल्क्रो. नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका, थंडीत ती सुटते आणि चटई कुत्र्यासकट खाली येते. सरकत्या रॅम्पला प्रत्येक भागाची वेगळी पट्टी कापावी लागते, आणि मॅटची जाडी तीन मिलिमीटरहून जास्त असेल तर भाग आत जात नाहीत. पकड वाढावी म्हणून आडव्या लाकडी पट्ट्या ठोकण्याचा सल्ला बरेच जण देतात. पाय नीट उचलणाऱ्या कुत्र्याला त्या उपयोगी पडतात. ओढत चालणाऱ्याला प्रत्येक पट्टी ठेच लावते.

रुंदी ४० सेंटिमीटरहून कमी नको. म्हातारपणी मागचे पाय एकमेकांजवळ येतात आणि कंबर डुलते, त्यामुळे कुत्रा अंगाने बारीक असला तरी त्याला वाट रुंद लागते. तीस किलोच्या वर असेल तर ४५ बघा. दोन्ही कडांना निदान दोन सेंटिमीटरचा उठाव असावा. त्याने कुत्रा अडत नाही, पण पंजाला कड कळते. या वयात डोळ्यांची भिंगं निळसर धुरकट होतात आणि तिन्हीसांजेला खोलीचा अंदाज चुकतो. काळा रॅम्प, काळं डांबर आणि संध्याकाळ, यात त्याला समोर वाट आहे की खड्डा आहे हे कळत नाही. दोन्ही कडांना पांढरी पट्टी चिकटवा. अंधारात बॅटरीचा उजेड त्याच्या मागून रॅम्पवर पाडा, समोरून डोळ्यांवर नको.

लावताना काय चुकतं

वरचं टोक डिकीच्या काठावर आत किमान दहा सेंटिमीटर टेकलेलं हवं, बंपरच्या प्लास्टिकवर नाही. कुत्रा शेवटच्या पावलाला मागच्या पायांनी जोर लावतो तेव्हा रॅम्प मागे ढकलला जातो. टोक काठावरून सुटलं की कुत्रा आणि रॅम्प दोन्ही खाली. बऱ्याच रॅम्पसोबत सुरक्षेचा पट्टा येतो आणि तो पहिल्याच दिवशी खोक्यात राहून जातो. तो पट्टा डिकीतल्या कडीला अडकवणं ही दहा सेकंदांची गोष्ट आहे, ती दर वेळी करा. पट्टा नसेल तर सामान बांधायचा साधा बकलचा पट्टा घ्या. खालचं टोक खडीवर असेल तर टाचेने दोन सेंटिमीटरची खाच करून त्यात बसवा. रबरी पाय डांबरावर पकडतात, खडीवर घरंगळतात.

काही गाड्यांत डिकीचा काठ आतल्या तळापेक्षा पाच-दहा सेंटिमीटर उंच असतो. रॅम्प संपल्यावर कुत्रा आत खड्ड्यात पाऊल टाकतो. आत गादी घालून तळ काठाच्या पातळीला आणा. बाजूच्या दारातून मागच्या सीटवर चढवण्याचा प्रयत्न शक्यतो टाळा. दार पूर्ण उघडत नाही, रॅम्प तिरका बसतो आणि कुत्र्याला टोकाला वळावं लागतं. त्याला वळणं जमत नाही.

सराव प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी सुरू करा. पहिले तीन-चार दिवस रॅम्प जमिनीवर सपाट ठेवून नुसतं त्यावरून चालवा, दर दोन पावलांना खाऊ. मग एक टोक पंधरा-वीस सेंटिमीटरच्या पायरीवर. तिथे तो न थबकता चालला की मगच गाडी. पट्टा गळ्यात नको, छातीच्या हार्नेसला, म्हणजे अंगात घालायच्या पट्ट्यांच्या साजाला लावा. आणि पुढून ओढू नका, ओढलं की तो मागे रेटतो. तुम्ही त्याच्या दुबळ्या बाजूला, मांडी रॅम्पच्या कडेला टेकवून उभे राहा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कुत्र्याच्या वजनाचा साठेक टक्के भार मुळात पुढच्या पायांवर असतो. उतरताना तो आणखी पुढे जातो. म्हणून खुबे दुखणाऱ्या कुत्र्याला चढणं जड जातं आणि कोपरं किंवा खांदे दुखणाऱ्याला उतरणं. तुमचा कुत्रा कुठे अडखळतो ते बघून आधार द्या: पहिल्याला चढताना मागून, दुसऱ्याला उतरताना छातीखालून. दोघांना एकाच पद्धतीने धरण्यात अर्थ नाही.

आधाराचा हार्नेस

रॅम्पनंतर खर्च करण्याजोगी वस्तू हीच. दोन प्रकार आहेत. एक नुसती पोटाखालची झोळी, दोन्ही बाजूंना मुठी. ती पाच मिनिटांच्या कामाला चालते. दिवसभराच्या प्रवासात नाही, कारण पट्टी पोटावर येते, मूत्राशय दाबलं जातं आणि नर कुत्र्याला लघवी करताना ती आड येते. दुसरा प्रकार पूर्ण अंगाचा: छातीला एक भाग, खुब्यांना एक भाग, दोन्हीवर मूठ. हेल्प एम अप या नावाने मिळणारा हार्नेस याच पद्धतीचा आहे. खुब्यांचा भाग मांड्यांभोवतून जातो, पोट मोकळं राहतं. लांबच्या प्रवासाला हाच घ्यावा.

माप घेताना छातीचा घेर कोपरांच्या मागे आणि कमरेचा घेर मांडीच्या पुढे, दोन्ही कुत्रा उभा असताना. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. तीन गेली तर आधार देताना हार्नेस वर सरकतो आणि कुत्रा तिथेच राहतो. वजन वरच्या दिशेने सरळ घ्या, पुढे नाही. पुढे ओढलं की मागची पावलं घसटतात. पूर्ण वजन उचलायचं नसतं, पाच-सात किलोचा आधार पुरतो, बाकी त्याचं त्याला करू द्या. मूठ खाली असेल तर खांद्याला अडकवता येईल असा लांब पट्टा तिला जोडा, नाहीतर दुसऱ्या दिवशी माणसाची कंबर धरते. दर दोन तासांनी काखा आणि जांघा तपासा, केस ओले असतील तर आणखी लवकर. ओल्या केसांवर पट्टा तासाभरात कातडी लाल करतो. रात्री काढून ठेवा. आणि हा हार्नेस म्हणजे सीटबेल्ट नव्हे. गाडी चालू असताना त्याच्या मुठीला पट्टा अडकवून कुत्र्याला बांधू नका, त्याची शिवण अपघाताच्या झटक्यासाठी केलेली नसते.

गाडीतली गादी आणि बाकीचं

जाड, मऊ, पाऊल रुतेल अशी गादी घरी चांगली. घाटात ती त्रास देते. प्रत्येक वळणाला कुत्रा त्यात डुलतो, तोल सावरायला स्नायू ताणून धरतो आणि मुक्कामी पोचेपर्यंत दमून जातो, झोपून असला तरी. पाच ते सात सेंटिमीटर जाडीचा घट्ट फोम घ्या, तीन बाजूंना पाठ टेकेल असा उंच काठ, खाली न घसरणारी जाळी. लोंबत्या झोपाळ्यासारखी सीटकव्हरं या वयाच्या कुत्र्यासाठी नकोतच; कापड निसरडं असतं आणि मधला भाग खाली झोल देतो. वळणावर वेग कमी ठेवा. कुत्र्याला वळण दिसत नाही, ते त्याला अंगावरच कळतं.

गाडी लागत असेल तर निघण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण नको. उलटीवर मारोपिटंट हे औषध चालतं, पण डॉक्टरांना विचारून, आणि ते निघण्याआधी निदान दोन तास द्यावं लागतं, पहिल्या वळणाला नाही. सांध्यांचं नेहमीचं औषध नेहमीच्या वेळेला. माणसांची वेदनाशामकं, आयबुप्रोफेन असो की पॅरासिटामॉल, कुत्र्याला कधीही देऊ नका. हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याला अडीच हजार मीटरच्या वर नेण्याआधी तपासून घ्या.

पायवाटेवर कुत्र्याला बंदी आहे म्हणून त्याला गाडीत ठेवून धबधबा बघून येऊ, हा विचार मनात आला तर तो सोडा. बाहेर २४ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ च्या आसपास तापमान जातं. काच बोटभर खाली ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला धापा टाकून अंग गार करणं तरुणासारखं जमत नाही. दोघं असाल तर आळीपाळीने जा. एकटे असाल तर ती वाट राहू द्या.

रॅम्प गाडीत कुठे ठेवायचा हे निघण्याआधी ठरवा. सुटा ठेवलेला सहा किलोचा रॅम्प जोराच्या ब्रेकला सरळ पुढे येतो, म्हणून तो पट्ट्याने बांधलेलाच हवा. पण सामानाखाली नको. रात्री अडीच वाजता कुत्रा उठून दाराशी उभा राहतो तेव्हा तीन पेट्या आणि शेगडी बाजूला करायला वेळ नसतो, आणि तेवढ्यात तो उडी मारतो. डिकीच्या डाव्या किंवा उजव्या भिंतीला उभा, गादीच्या आणि सामानाच्या मध्ये, सगळ्यात शेवटी आत आणि सगळ्यात आधी बाहेर येईल असा.

घरी परतल्यावर रॅम्प धुवा, सावलीत वाळवा, खिट्टी आणि रबरी पाय तपासा. झिजलेले रबरी पाय बदलून घ्या. पुढचा प्रवास सहा महिन्यांनी असेल तर तो दिसला की कुत्रा आपोआप चढेल असं धरू नका. या वयात सहा महिन्यांत मागच्या मांड्यांचं मांस बरंच उतरतं. पुन्हा जमिनीवर सपाट ठेवून सुरुवात करा, हार्नेसची मापं नव्याने घ्या आणि मागच्या वेळी अडीचपट लांबीवर भागलं असेल तर या वेळी तिपटीची सोय बघा.